कोरडा कोंडा ओळखावा कसा आणि आटोक्यात ठेवावा कसा

गेल्या काही महिन्यांपासून डोक्यातून पांढरी, कोरडी भुकटी खांद्यावर पडते, डोक्याची त्वचा ओढल्यासारखी वाटते आणि खाजते. तेल लावले की एखादा दिवस आराम पडतो, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत कोंडा पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागतो. औषधी शाम्पूने केस राठ झाले आणि कोंडा मात्र तसाच राहिला. हा कोरडेपणामुळे होणारा कोंडा आहे का, त्यावर तेल लावावे की शाम्पू, आणि तो कायमचा जाईल का, असे तुम्ही विचारले आहे. वय, इतर आजार किंवा चालू असलेली औषधे यांचा उल्लेख प्रश्नात नाही, त्यामुळे पुढचे विवेचन निरोगी प्रौढ व्यक्ती गृहीत धरून करीत आहे.

लोक ज्याला कोरडा कोंडा म्हणतात, त्यात दोन निरनिराळ्या अवस्था मिसळलेल्या असतात. एक म्हणजे केवळ कोरडी पडलेली त्वचा. दुसरी म्हणजे खरा कोंडा, ज्यात पापुद्रे कोरडे दिसत असले तरी मुळाशी तेलकटपणा आणि त्यावर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी असते. दोन्हींत पांढरे कण पडतात, दोन्हींत खाज येते, आणि तरीही एकीचा उपचार दुसरीला मारक ठरू शकतो. तुम्ही केलेले वर्णन वाचून माझा कल असा आहे की तुम्हाला खरा कोंडाच आहे, आणि कडक शाम्पूच्या वापरामुळे वरून थोडा कोरडेपणाही आला आहे. असे का वाटते, ते क्रमाने सांगते.

केवळ कोरड्या त्वचेची गोष्ट तुलनेने सोपी आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांच्यामधल्या फटी भरून काढणारे सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असे स्निग्ध पदार्थ असतात, आणि त्यांच्यामुळेच शरीरातले पाणी बाहेर उडून जात नाही. हवेतली आर्द्रता कमी झाली, फार गरम पाण्याने डोके धुतले, तीव्र फेस करणारे शाम्पू वारंवार वापरले किंवा वयोमानाने त्वचेतला तेलाचा स्राव घटला, की हे स्निग्ध पदार्थ कमी पडतात, वरचा थर आक्रसतो आणि त्याचे बारीक तुकडे सुटू लागतात. हे कण लहान, शुभ्र आणि सुटे असतात, नुसता कंगवा फिरवला तरी गळतात, आणि त्यांच्याखालची त्वचा सहसा लाल झालेली नसते. अशा व्यक्तीचे हातपायही बहुधा कोरडे असतात.

खऱ्या कोंड्याची प्रक्रिया अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय उपचारातला संयम टिकत नाही, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञांनी १८७४ मध्ये कोंड्याच्या पापुद्र्यांमध्ये एका यीस्टसदृश बुरशीचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून तिला आज मॅलसेझिया म्हणतात. ही बुरशी बाहेरून लागलेली नसते. ती जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाच्या त्वचेवर राहते, आणि डोक्यावर तिच्या ग्लोबोसा व रेस्ट्रिक्टा या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, त्यामुळे ती आपल्या तैलग्रंथींतून स्रवणाऱ्या तेलावर, म्हणजे सीबमवर जगते. तेलातल्या ट्रायग्लिसराइडांचे ती आपल्या विकरांनी विघटन करते, संपृक्त मेदाम्ले स्वतः वापरते आणि असंपृक्त मेदाम्ले त्वचेवर तशीच सोडून देते. त्यांतले ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थरात शिरून त्याची घडण विस्कळीत करते.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उरतो: बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असेल, तर कोंडा सगळ्यांना का होत नाही? ज्यांना कोंडा होतो त्यांच्या स्वच्छ केलेल्या डोक्यावर ओलेइक आम्ल लावले असता पापुद्रे निघू लागतात, आणि ज्यांना होत नाही त्यांच्या डोक्यावर तेच आम्ल लावले तर विशेष काही घडत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे तेल, बुरशी आणि व्यक्तीची मूळची संवेदनक्षमता अशा तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांपैकी संवेदनक्षमता आपल्याला बदलता येत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र उपाय करता येतो. पौगंडावस्थेत तैलग्रंथी जाग्या होतात तेव्हा कोंडा सुरू होतो, तरुणपणी तो सर्वाधिक असतो आणि पन्नाशीनंतर सहसा कमी होतो, यामागेही हेच कारण आहे. प्रौढांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा त्रास होतो, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये तो जास्त दिसतो.

या चिडलेल्या त्वचेत पेशींची निर्मिती घाईने होऊ लागते. एरवी नवी पेशी खालच्या थरातून वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात आणि ती एकेकटी गळत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. कोंड्यात हा काळ बराच कमी होतो, पेशी अपरिपक्व अवस्थेत, कधी कधी आतले केंद्रकही न विरघळता वर येतात, आणि एकमेकींना चिकटून झुबक्यांनी सुटतात. आपल्याला दिसणारा कोंडा म्हणजे हे झुबके.

तुमच्या प्रश्नाचे मर्म आता सांगते. खऱ्या कोंड्यातही डोक्याची त्वचा कोरडी वाटते, आणि ती नुसती भावना नसते: वरचा थर मोडल्यामुळे त्यातून पाणी अधिक उडून जाते आणि सेरामाइडांचे प्रमाणही कमी झालेले आढळते. त्वचा ओढली जाते, चुरचुरते, पापुद्रे कोरडे असतात, आणि मग माणूस साहजिकच असा निष्कर्ष काढतो की येथे तेल कमी पडले आहे. प्रत्यक्षात तेथे कमतरता पाण्याची आणि सांधणाऱ्या स्निग्ध पदार्थांची असते, वरून ओतल्या जाणाऱ्या तेलाची नव्हे. बहुतेक वनस्पतिजन्य तेलांतली मेदाम्ले या बुरशीला खाद्य म्हणून चालतात, आणि ऑलिव्ह तेलासारख्या तेलात तर ओलेइक आम्लाचेच प्राबल्य असते. तेल लावल्यावर पापुद्रे ओले होऊन केसांना चिकटतात, त्यामुळे ते दिसेनासे होतात, त्वचाही मऊ पडते आणि खाज थांबते. हा आराम खरा असतो, पण तो एक-दोन दिवसांचा असतो. तुमचा कोंडा तेलानंतर वाढतो, या एका वाक्यावरून मी खऱ्या कोंड्याकडे झुकले आहे.

तरीही घरच्या घरी पडताळून पाहण्यासारख्या काही खुणा आहेत. डोके धुतल्यानंतर पहिल्या काही तासांत काय वाटते, याकडे लक्ष द्या. केवळ कोरडी त्वचा असेल तर धुतल्यानंतर लगेच ओढ आणि खाज वाढते, आणि दोन-तीन दिवसांनी नैसर्गिक तेल जमले की बरे वाटते. खऱ्या कोंड्यात याच्या उलट घडते: धुतल्या दिवशी बरे असते आणि जसजसे दिवस जातात तसतशी खाज व पापुद्रे वाढतात. दुसरी खूण चेहऱ्यावर सापडते. भुवया, नाकाच्या दोन्ही कडा, कानांच्या मागची घडी, दाढीची जागा किंवा छातीचा मधला भाग येथेही बारीक पापुद्रे किंवा लाली असेल, तर हा सेबोऱ्हीक डर्माटायटिस नावाचा विकार होय, आणि डोक्यातला कोंडा हे त्याचेच सौम्य रूप मानले जाते. सावळ्या किंवा गडद वर्णाच्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट पडलेले पट्टे दिसतात, आणि ते पुष्कळदा भलत्याच आजाराचे समजले जातात. तिसरी खूण पापुद्र्यांची आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये, कारण खऱ्या कोंड्याचे पापुद्रे पिवळसर आणि चिकट असतात हे पुस्तकी वर्णन नेहमी धुणाऱ्यांच्या डोक्यावर क्वचितच जुळते.

शंका राहिलीच तर दोन आठवडे एक साधा प्रयोग करा. डोक्याला तेल लावणे पूर्ण थांबवा, कोमट पाणी आणि सौम्य, बिनसुगंधी शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदाच वापरा, आणि केस गरम हवेने वाळवणे टाळा. त्वचा केवळ कोरडी असेल तर एवढ्यानेच स्पष्ट फरक पडतो, आणि त्यापुढे ग्लिसरीन किंवा सौम्य प्रमाणात युरिया असलेले, डोक्यासाठी बनवलेले द्रावण धुतल्यानंतर ओलसर त्वचेवर लावले की काम भागते. अशा त्वचेवर औषधी शाम्पू लादण्याची काहीच गरज नसते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा खाज वाढली, तर मात्र औषधी शाम्पूकडे वळावे.

या शाम्पूंविषयी लोकांची निराशा मी सतत ऐकते, आणि तिचे कारण बहुतेक वेळा औषधात नसून वापरण्याच्या पद्धतीत असते. औषध त्वचेवर काम करते, केसांवर नव्हे. आणि त्याला वेळ लागतो. केस पूर्ण ओले करून, भांग पाडत पाडत शाम्पू बोटांच्या टोकांनी त्वचेपर्यंत पोहोचवावा, नखांनी घासू नये, आणि तीन ते पाच मिनिटे तसाच राहू द्यावा. लगेच धुऊन टाकलेला औषधी शाम्पू हा महागडा साधा शाम्पू होतो. केसांत आधीच तेल किंवा इतर प्रसाधनांचा थर असेल तर प्रथम साध्या शाम्पूने एकदा धुऊन मगच औषधी शाम्पू लावावा. केस राठ होण्याची तुमची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय सोपा आहे: औषधी शाम्पू केसांच्या लांबीवर चोळू नका, तो मुळांपुरताच ठेवा, आणि नंतर कंडिशनर मुळे वगळून केवळ लांबीवर व टोकांना लावा. ज्यांचे केस दाट कुरळे आहेत किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले आहेत, त्यांचे केस सहज तुटतात. त्यांनी आठवड्यातून एकदाच वापरले तरी चालते.

घटक निवडताना वेष्टनावरच्या जाहिरातीपेक्षा मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. केटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध १ किंवा २ टक्के प्रमाणात मिळते आणि माझ्या मते सुरुवात करायला ते सर्वांत भरवशाचे आहे: आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. केटोकोनाझोलच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा होऊ शकते हे वाचून काही जण शाम्पूलाही घाबरतात. पण शाम्पूतून ते रक्तात जाण्याचे प्रमाण नगण्य असते, तेव्हा ही भीती बाळगू नये. सिक्लोपिरॉक्स हा त्याला चांगला पर्याय आहे. झिंक पायरिथिऑन १ टक्क्याच्या आसपास असते, सौम्य आहे आणि वारंवार वापरता येते. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून प्रसाधनांत त्याचा वापर बंद केला असून तेथील शाम्पूंत आता पिरोक्टोन ओलामाइन अधिक आढळते. सेलेनियम सल्फाइड परिणामकारक आहे, पेशींची घाई कमी करते आणि बुरशीही घटवते, परंतु त्याचा वास अनेकांना नकोसा होतो, फिकट किंवा रंगवलेल्या केसांवर त्याचा डाग पडू शकतो आणि काहींचे डोके त्यामुळे अधिक तेलकट होते. ते अगदी नीट धुऊन काढावे लागते. सॅलिसिलिक आम्ल बुरशीला फारसे काही करत नाही, चिकटलेले पापुद्रे मात्र सैल करते. जाड थर असेल तर सुरुवातीला उपयोगी, आणि तुमच्यासारख्या आधीच कोरड्या झालेल्या त्वचेला शक्यतो नको. कोलटारचे शाम्पू पेशींची वाढ मंदावतात, पण त्यांचा वास, डाग आणि त्यांच्यामुळे उन्हाला वाढणारी त्वचेची संवेदनशीलता पाहता मी ते शेवटी ठेवते.

एक घटक चार आठवडे नीट वापरूनही फरक पडला नाही, तर त्याच घटकाचा दुसरा ब्रँड आणू नये; वेगळ्या पद्धतीने काम करणारा घटक निवडावा. दर आठवड्याला शाम्पू बदलत राहिले तर कोणत्याच औषधाला संधी मिळत नाही. आणि फरक पडला तर एकदम थांबू नये. बहुतेकांचा कोंडा परत येतो तो येथेच: त्वचा स्वच्छ दिसली की औषध बंद होते, बुरशी काही आठवड्यांत पूर्वीच्या संख्येवर येते, आणि माणूस म्हणतो की औषधाचा असर संपला. त्वचा शांत झाल्यावर तेच औषध आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवावे, मधल्या दिवशी सौम्य शाम्पू वापरावा.

खाज असह्य असेल आणि त्वचा लाल झाली असेल तर डॉक्टर काही दिवसांसाठी स्टेरॉइडचे पातळ द्रावण देतात, आणि त्याने आराम इतका चटकन पडतो की पुढे रुग्ण ते स्वतःच्या मनाने महिनोन्महिने वापरत राहतो. कृपया असे करू नका. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते, कपाळावर ओघळलेल्या औषधामुळे चेहऱ्यावर पुरळ उठू शकते, आणि थांबवल्यावर दाह दुप्पट जोराने उसळू शकतो. स्टेरॉइडने दाह शमतो, बुरशी जात नाही. म्हणून ते नेहमी बुरशीविरोधी शाम्पूच्या जोडीने आणि ठरवून दिलेल्या मुदतीपुरतेच वापरायचे असते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. लिंबाचा रस खाजवून सोललेल्या त्वचेची आग करतो आणि उन्हात गेल्यास त्वचेवर डाग किंवा फोड येऊ शकतात. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी; सोड्याने घासल्यास आधीच मोडलेला थर आणखी मोडतो. टी ट्री तेलाचे प्रमाण ५ टक्के असलेल्या शाम्पूची २००२ मध्ये चाचणी झाली होती आणि चार आठवड्यांत कोंड्याची तीव्रता ४१ टक्क्यांनी कमी झाली, तर निष्क्रिय शाम्पूने ११ टक्क्यांनी. पण हेच तेल न मिसळता थेट डोक्यावर चोळल्यास ॲलर्जी होण्याचा धोका असतो. तेल लावल्याशिवाय राहवतच नसेल तर ते केसांच्या लांबीवर लावावे, त्वचेवर नको. आणि जाड खपल्या मऊ करण्यासाठी लावायचेच झाले तर खनिज तेल घ्यावे, कारण ते बुरशीला खाद्य म्हणून चालत नाही, आणि तेही तासाभरात धुऊन टाकावे.

कोंडा अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे आवर्जून सांगते, कारण तरुण मुले-मुली केवळ लाजेपोटी वर्षानुवर्षे गप्प राहतात. त्याने कायमचे टक्कलही पडत नाही. मात्र दाह आणि सततचे खाजवणे यांमुळे केस काही काळ जास्त गळू शकतात, आणि कोंडा आटोक्यात आला की ते थांबते. मानसिक ताण आणि अपुरी झोप यांमुळे तो उसळतो, हे रुग्ण स्वतःच लक्षात घेऊन सांगतात.

काही आजार कोंड्यासारखे दिसतात आणि त्यांना शाम्पू पुरत नाही. केसांच्या रेषेबाहेर कपाळावर किंवा मानेवर उतरलेले, स्पष्ट कडा असलेले जाड, चंदेरी थर, सोबत कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे किंवा नखांवर बारीक खळगे असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्र्यांसह केस तुटलेला गोल चट्टा दिसला तर तो बहुधा नायटा असतो. तो संसर्गजन्य आहे आणि त्याला पोटात घेण्याची औषधे लागतात, केवळ शाम्पूने तो बरा होत नाही. केसाला घट्ट चिकटलेले, बोटाने सरकवता न येणारे पांढरे कण लिखांचे असतात. केस रंगवल्यानंतर किंवा नवे प्रसाधन सुरू केल्यानंतर काही दिवसांत खाज, ओल आणि सूज आली तर ती ॲलर्जी समजून ते आधी बंद करावे. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरची पिवळसर खपली बहुधा काही महिन्यांत आपोआप जाते, आणि तिच्यासाठी मोठ्यांचे औषधी शाम्पू वापरू नयेत.

तुमच्यापुरते सांगायचे तर, आजपासून त्वचेवर तेल लावणे थांबवा, केटोकोनाझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा वर सांगितलेल्या पद्धतीने चार आठवडे वापरा, मधल्या वेळी सौम्य शाम्पू व कोमट पाणी वापरा, आणि लांबीला कंडिशनर लावा. पहिल्या आठवड्यात सुटलेले पापुद्रे अधिक दिसले तर घाबरू नका. कायमचा जाईल का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत नाही असे आहे, कारण तुमच्या त्वचेची संवेदनक्षमता आणि ती बुरशी दोन्ही तुमच्यासोबतच राहणार आहेत. परंतु आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पाच मिनिटे दिली तर तो वर्षानुवर्षे दिसणारही नाही, इतपत आटोक्यात राहू शकतो. चार आठवड्यांनी काहीच फरक नसेल, त्वचेतून पाणी किंवा पू येत असेल, केसांचे पुंजके जाऊन तेथे गुळगुळीत, वण पडल्यासारखी त्वचा दिसत असेल, किंवा कोंडा अचानक फार तीव्र होऊन चेहऱ्यावर व छातीवर पसरला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. यांतल्या शेवटच्या प्रकारात कधी कधी रोगप्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या किंवा मज्जासंस्थेच्या आजाराचीही तपासणी करावी लागते.